‘हॅड सेंट’ का चुकले? इंग्रजी काळांविषयी एक शंका

कागदोपत्री यांचा प्रश्न

नमस्कार. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून, गेली सहा वर्षे मी ज्या कचेरीत काम करतो तेथील सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतून चालतो. परवा मी वरिष्ठांसाठी एक लहानसा मसुदा तयार केला होता. त्यातील तीन वाक्ये अशी : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.’ ‘आय हॅड सेंट द रिपोर्ट यस्टरडे.’ ‘आय डिड नॉट रिसीव्ड एनी रिप्लाय.’ मसुदा परत आला तेव्हा तिन्ही वाक्यांतील क्रियापदांखाली लाल रेघ होती आणि समासात दुरुस्त रूपे लिहिलेली होती. कारण मात्र एकाही ठिकाणी दिलेले नव्हते.

शाळेत आम्हाला काळ ओळखण्याची एक युक्ती शिकवली होती. मराठी क्रियापदाच्या शेवटी ‘तो, ते, तात’ आले की साधा वर्तमानकाळ, ‘त आहे’ आले की चालू वर्तमानकाळ, ‘ला आहे, ली आहे’ आले की पूर्ण वर्तमानकाळ आणि ‘ला होता, ली होती’ आले की पूर्ण भूतकाळ. मी आजही मनातल्या मनात मराठी वाक्य रचतो, त्याचा शेवट पाहतो आणि त्यानुसार इंग्रजी रूप उचलतो. ‘मी काल अहवाल पाठवला होता’ या मराठी वाक्यात काहीच वावगे नाही. मग ‘हॅड सेंट’ चुकीचे कसे ठरते? बारा काळांचा तक्ता मला आजही घडाघडा म्हणता येतो, पण लिहायला बसलो की हात अडखळतो.

माझ्या शंका दोन आहेत. क्रियापदांची ही सगळी रूपे तयार करण्यामागे एखादे समान सूत्र आहे का, की ती सुटी सुटीच पाठ करावी लागतात? आणि रूप तयार करता आले तरी कोणत्या प्रसंगी कोणते वापरायचे, हे कशावरून ठरवावे?

जुना फळा यांचे उत्तर

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. दुसरीचे उत्तर देणारे माझ्याहून जाणकार लोक येथे आहेत.

सूत्र आहे, आणि ते बारा रकान्यांच्या तक्त्यापेक्षा पुष्कळच लहान आहे. कोणतेही एक क्रियापद घ्या, उदाहरणार्थ ‘राइट’. त्याची पाठ करण्याजोगी रूपे मोजकीच आहेत : मूळ रूप ‘राइट’, दुसरे रूप ‘रोट’, तिसरे रूप ‘रिटन’ आणि ‘इंग’ लागलेले ‘रायटिंग’. एकवचनी तृतीय पुरुषात मूळ रूपाला ‘स’ लागून ‘राइट्स’ होते, एवढीच त्यात भर. बाकी जे काही दिसते ते या रूपांच्या आधी साहाय्यक क्रियापदे जोडून तयार झालेले असते. हे साहाय्यक कितीही आले तरी प्रत्येकाचा अंमल फक्त आपल्या लगतच्या शेजाऱ्यावर चालतो. ‘हॅव’च्या पुढे जो येईल तो तिसऱ्या रूपात येतो, मग ते ‘हॅव’ स्वतः ‘हॅज’च्या वेषात असो वा ‘हॅड’च्या. ‘बी’च्या पुढे, म्हणजे ‘ॲम, इज, आर, वॉज, वर’ यांच्या पुढे, कर्तरी वाक्यात ‘इंग’वाले रूप येते आणि कर्मणी वाक्यात तिसरे रूप येते. ‘विल, कॅन, मस्ट’ आणि ‘डू’ यांच्या पुढे मात्र नेहमी मूळ रूपच येते.

आता तक्त्यातले सर्वांत भीतिदायक प्रकरण घ्या : ‘विल हॅव बीन रायटिंग’. ‘विल’च्या पुढे मूळ रूप हवे, म्हणून ‘हॅव’ आले, ‘हॅज’ आले नाही. ‘हॅव’च्या पुढे तिसरे रूप हवे, म्हणून ‘बी’चे ‘बीन’ झाले. ‘बीन’ हेही शेवटी ‘बी’च असल्याने त्याच्या पुढे ‘रायटिंग’ आले. एवढ्या लांबलचक रचनेत पाठ करण्यासारखे काहीही उरत नाही. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीचा आकार ठरवते. याच पद्धतीने ‘हॅज बीन रिटन’ही स्वतः उलगडून पाहा.

याला जोडून दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तुमची तिसरी चूक नेमकी तेथे झालेली आहे. काळाची खूण साखळीतल्या फक्त पहिल्या कडीवर बसते आणि एकदाच बसते. ‘शी हॅज बीन रायटिंग’चा भूतकाळ करायचा तर ‘हॅज’चे ‘हॅड’ होते, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. नकारार्थी वाक्यात ‘नॉट’ हे पहिल्या साहाय्यकाच्या मागोमाग येते आणि प्रश्नार्थी वाक्यात हाच पहिला साहाय्यक कर्त्याच्या आधी जाऊन बसतो. परंतु ‘आय रिसीव्ड’ या वाक्यात साहाय्यक मुळी नाहीच. मग ‘नॉट’ने बसावे कोठे? अशा वेळी इंग्रजी भाषा ‘डू’ला उसने आणते. भूतकाळाची खूण ‘रिसीव्ड’वरून उचलून ‘डू’वर ठेवली की त्याचे ‘डिड’ होते, आणि खूण गेल्यामुळे मोकळे झालेले मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात परत जाते. म्हणून ‘डिड नॉट रिसीव्ह’. ‘डिड नॉट रिसीव्ड’ म्हणजे एकाच पावतीवर दोनदा शिक्का मारणे. ‘डज ही गोज’ ही चूकही त्याच घरातली आहे : ‘स’ची खूण ‘डज’वर गेली, तेव्हा ‘गो’ने मोकळे राहायला हवे. या नियमातून ‘बी’ मात्र सुटलेले आहे. ते मुख्य क्रियापद म्हणून आले तरी त्याला ‘डू’ची मदत लागत नाही, ‘ही इज नॉट’, ‘वॉज ही’ अशी वाक्ये ते स्वतःच्या बळावर करते.

एक अवांतर. ही ‘डू’ची रीत इंग्रजीत पहिल्यापासून नव्हती, सोळाव्या आणि सतराव्या शतकांत ती हळूहळू रुळली. त्याआधी ‘आय नो नॉट’ अशी सरळ रचना सर्रास होत असे. आपल्याला ती मराठीच्या अधिक जवळची वाटते, पण त्याचा आता उपयोग नाही.

अनियमित क्रियापदांची दुसरी-तिसरी रूपे पाठ करण्याला मात्र पर्याय नाही. ‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले याला तर्क लावू नये, कारण ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचे रूप होते आणि ते ‘गो’च्या संसारात येऊन राहिले. नियमित क्रियापदांना ‘ईडी’ लागतो, त्याचा उच्चार मात्र तीन प्रकारे होतो : ‘वर्क’नंतर तो ‘ट’सारखा, ‘प्ले’नंतर ‘ड’सारखा आणि ‘वॉन्ट’नंतर ‘इड’सारखा ऐकू येतो. पुष्कळ जण ‘वर्केड’ असे स्पष्ट उच्चारतात, ते टाळावे.

दुभाषी यांचे उत्तर

जुना फळा यांनी साखळीचा नियम इतका नेमका सांगितला आहे, की मी त्यात भर घालत नाही. काळ निवडण्याविषयी लिहिते.

शाळेतल्या त्या युक्तीने तुमचा घात केला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी भाषांतराचे काम करते आणि मराठी क्रियापदाच्या शेवटावरून इंग्रजी काळ उचलला तर काय होते ते रोज पाहते. तीन ठिकाणी तर हमखास फसगत होते.

पहिले ठिकाण म्हणजे तुमचे ‘होता’. मराठीतले ‘पाठवला होता’ आणि इंग्रजीतले ‘हॅड सेंट’ दिसायला जुळे असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. ‘कोण आले आहे?’ असे आपण विचारतो तेव्हा आलेला माणूस अजून घरात असतो. ‘कोण आले होते?’ असे विचारतो तेव्हा तो येऊन गेलेला असतो. म्हणजे मराठीतला हा ‘होता’ घडलेली गोष्ट आजच्या क्षणापासून तोडून मागे ठेवतो, आणि त्यासाठी त्याला दुसऱ्या कोणत्याही घटनेची गरज पडत नाही. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला ती गरज पडते. भूतकाळातला एखादा क्षण डोळ्यांपुढे असेल आणि त्याच्याही आधी काही घडून गेलेले असेल, तरच ‘हॅड’ शोभते : ‘आय हॅड ऑलरेडी सेंट द रिपोर्ट व्हेन यू कॉल्ड.’ दूरध्वनी आला त्याच्या आधीच अहवाल गेलेला होता. तुमच्या वाक्यात असा दुसरा क्षणच नाही, नुसता ‘काल’ आहे; म्हणून ‘आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे’ एवढेच पुरे. मराठी भाषकांच्या इंग्रजीत ‘हॅड’चा जो सुकाळ दिसतो, त्याचे मूळ माझ्या मते बहुतांशी या ‘होता’मध्ये आहे.

दुसरे ठिकाण ‘आहे’चे. ‘तो खुर्चीवर बसला आहे’, ‘ती झोपली आहे’, ‘त्याने चष्मा घातला आहे’ ही तिन्ही वाक्ये आपल्या व्याकरणानुसार पूर्ण वर्तमानकाळातली आहेत. इंग्रजीत ती ‘ही इज सिटिंग’, ‘शी इज स्लीपिंग’, ‘ही इज वेअरिंग ग्लासेस’ अशी होतात, म्हणजे चक्क चालू वर्तमानकाळात. मराठी माणूस बसण्याची क्रिया संपली आणि त्यातून स्थिती उरली असे पाहतो, तर इंग्रजी माणूस ती स्थितीच चालू आहे असे पाहतो. शेवट पाहून काळ उचलणारा येथे ‘ही हॅज सॅट’ लिहिणार, आणि वाचणाऱ्याला हा माणूस अखेर खाली बसला एकदाचा, असे काहीसे वाटणार.

तिसरे ठिकाण ‘पासून’. ‘मी येथे सहा वर्षांपासून काम करतो आहे’ हे मराठीत चालू वर्तमानकाळाचे वाक्य आहे. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजच्या क्षणापर्यंत पोहोचलेल्या गोष्टीसाठी ‘हॅव’ लागतेच : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स.’ शिवाय आपला ‘पासून’ दोन्ही घरचा पाहुणा आहे. ‘२०१९ पासून’ म्हणताना तो सुरुवातीचा बिंदू दाखवतो आणि ‘सहा वर्षांपासून’ म्हणताना कालावधी. इंग्रजीत बिंदूला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’ असे शब्द वाटून दिलेले आहेत, आणि तुमच्या पहिल्या वाक्यातली निम्मी चूक तेथे आहे.

मग निवड करायची कशी? मराठी वाक्याचा शेवट न पाहता मी स्वतःला एवढेच विचारते, की ज्या वेळेविषयी मी बोलते आहे त्या वेळेचे दार बंद झाले आहे की अजून उघडे आहे. ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’, ‘२०१९ साली’ ही बंद दारे आहेत. तेथे दुसरे रूप सरळ वापरावे. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ हे प्रमाण इंग्रजीला चालत नाही. ‘आजवर’, ‘अजून’, ‘या आठवड्यात’ ही उघडी दारे असून तेथे ‘हॅव’ येते. अमेरिकी इंग्रजीत ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ यांच्याबरोबर साधा भूतकाळही चालतो. तो ऐकून गोंधळू नये.

या कसोटीवर तुमचे तिसरे वाक्य पुन्हा पाहा. ‘डिड नॉट रिसीव्ह’ ही दुरुस्ती व्याकरणदृष्ट्या बरोबरच आहे. पण उत्तराची तुम्ही अजून वाट पाहत असाल तर दार उघडे आहे, आणि मग ‘आय हॅव नॉट रिसीव्ड एनी रिप्लाय’ हे वाक्य अधिक योग्य ठरते. मला तर वाटते, की तुमच्या मनात हेच वाक्य होते. त्यातले ‘रिसीव्ड’ तुम्ही बरोबर आणलेत आणि त्याच्या आधी ‘हॅव’च्या जागी ‘डिड’ येऊन बसले.

पायरीपायरीने यांचे उत्तर

दुभाषी ताईंशी मी बव्हंशी सहमत असलो, तरी त्या शालेय युक्तीला इतके झोडपणे मला पटले नाही. ज्या मुलाने इंग्रजीचे एकही वाक्य स्वतः रचलेले नाही, त्याला उघड्या आणि बंद दारांची कसोटी देऊन काय साधणार? त्याला धरायला काहीतरी कठडा लागतो. दोष त्या युक्तीचा नसून, ती कोठपर्यंत चालते हे पुढे कोणी सांगत नाही याचा आहे.

शिवाय काही ठिकाणी मराठीचा कान उत्तम साथ देतो. भविष्यकाळ घ्या. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचे असे स्वतःचे रूपच नाही. ‘राइट’ आणि ‘रोट’ यांच्यापुढे त्याच्या पोतडीत काही नाही, म्हणून ते काम ‘विल’, ‘गोइंग टू’ किंवा वर्तमानकाळाची रूपे वाटून घेतात. मराठीतही ‘मी येईन’ आणि ‘मी येणार आहे’ यांत फरक आहेच. ‘येणार आहे’मध्ये बेत आधीच ठरलेला असतो, आणि तेथे ‘आय ॲम गोइंग टू कम’ किंवा ‘आय ॲम कमिंग’ नेमके बसते. ‘येईन’मध्ये आश्वासन, अंदाज किंवा थोडी अनिश्चितता असते, तेथे बहुधा ‘विल’ लागते. वेळापत्रकानुसार घडणाऱ्या गोष्टीसाठी दोन्ही भाषा साधा वर्तमानकाळ वापरतात : ‘गाडी सहाला सुटते’, ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’.

दुभाषी यांचे उत्तर

‘येणार आहे’चे उदाहरण मला आवडले आणि ते मी मान्य करते. पण त्याच कानावर विसंबून राहिलेला माणूस हाक आल्यावर ‘आलो, आलो’ म्हणतो त्याचे ‘आय केम’ करून बसेल. तो अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो. इंग्रजीत त्याला ‘आय ॲम कमिंग’ म्हणावे लागते. दूरध्वनी वाजल्यावर आपण ‘मी घेतो’ म्हणतो, तेथे तर वर्तमानकाळाच्या जागी ‘आय विल गेट इट’ येते, कारण ऐन वेळी घेतलेला निर्णय इंग्रजीत ‘विल’ने सांगतात.

‘मला माहीत आहे’चे ‘आय ॲम नोइंग’ करणारेही पुष्कळ भेटतात. ‘नो’, ‘बिलाँग’, ‘ओन’ ही क्रियापदे घडणारी क्रिया सांगत नाहीत, असलेली स्थिती सांगतात. त्यांना ‘इंग’ सहसा लावत नाहीत. ‘मला दोन भाऊ आहेत’ यासाठीही ‘आय हॅव टू ब्रदर्स’ एवढेच म्हणावे, ‘आय ॲम हॅविंग’ म्हणू नये.

कागदोपत्री यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘एकाच पावतीवर दोनदा शिक्का’ हे मी टेबलावरच्या वहीत लिहून ठेवले आहे. जुना फळा सर, आपल्या नियमावर एक शंका उरते. साहाय्यक नसेल तर प्रश्नासाठी ‘डू’ आणावे लागते, असे आपण म्हणता. तर मग ‘हे कोणी लिहिले?’ याचे इंग्रजी ‘हू डिड राइट धिस’ व्हायला हवे. प्रत्यक्षात सगळे ‘हू रोट धिस’ म्हणतात. हा अपवाद समजावा काय?

जुना फळा यांचे उत्तर

अपवाद नव्हे, नियम तेथे लागूच होत नाही. ‘डू’ आणावे लागते ते कर्त्याच्या आधी जाऊन बसायला कोणीतरी हवे म्हणून. ‘हू रोट धिस’मध्ये ‘हू’ हाच कर्ता आहे आणि तो आधीच पहिल्या जागेवर बसलेला आहे. त्याच्या आधी कोणाला नेण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून साधे विधानार्थी वाक्य जसेच्या तसे राहते. याउलट ‘व्हॉट डिड ही राइट’मध्ये कर्ता ‘ही’ आहे आणि ‘व्हॉट’ हे कर्म आहे; तेथे ‘डिड’ आल्याखेरीज गत्यंतर नाही. प्रश्न पडला की आधी कर्ता शोधावा.

कागदोपत्री यांचे उत्तर

आता उलगडले. मसुदा पुन्हा लिहिला आहे, कृपया एकदा नजर टाकावी : ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स. आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे, बट आय हॅव नॉट रिसीव्ड एनी रिप्लाय. व्हेन आय विल रिसीव्ह इट, आय विल इन्फॉर्म यू.’

दुभाषी यांचे उत्तर

पहिली दोन वाक्ये निर्दोष आहेत. तिसऱ्यातला पहिला ‘विल’ काढा : ‘व्हेन आय रिसीव्ह इट, आय विल इन्फॉर्म यू.’ ‘उत्तर मिळेल तेव्हा कळवीन’ असे आपण दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवून म्हणतो, परंतु ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ यांनी सुरू होणाऱ्या अशा गौण वाक्यात इंग्रजी भाषा वर्तमानकाळावर भागवते. भविष्य दाखवण्याचे काम मुख्य वाक्यातला एकटा ‘विल’ करतो. मराठीतच पाहायचे तर ‘उत्तर मिळाले की कळवीन’ किंवा ‘उत्तर मिळाले तर कळवीन’ असेही आपण म्हणतोच, आणि तेथे ‘मिळाले’ हे भूतकाळाचे रूप असूनही उत्तर अजून आलेले नसते.